खरेदीदारांपुढे बोलताना आवाज कापतो, काय करू?

प्रश्न थोडक्यात असा. वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात या ताईंचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे, ११ बायका कामाला आहेत. गेल्या वर्षी कर्जासाठी बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे प्रकल्प मांडताना त्यांचा आवाज कापायला लागला, हातातला कागद थरथरला, पाठ केलेलं सगळं गेलं आणि २० मिनिटांचं बोलणं ४ मिनिटांत आटोपून त्या खाली बसल्या. आता पुढच्या महिन्यात मुंबईत सुक्या मेव्याच्या खरेदीदारांपुढे १५ मिनिटं बोलायचं आहे, समोर दहा-बारा माणसं असतील. भीती घालवायची कशी, आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या, इंग्रजी चांगलं असलेल्या धाकट्या भावालाच बोलायला उभं करू का, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी १२ वर्षं रत्नागिरीत आंबा कॅनिंगच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम केलं. त्यानंतरची २० वर्षं रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या लहान उद्योजकांना बँकेपुढे, खरेदीदारांपुढे, जिल्हा उद्योग केंद्रात मुलाखतीला उभं राहायला तयार करते आहे. कोकम आगळवाले, आंबापोळी करणारे बचत गट, मासळीवाले, होमस्टे चालवणारे, सगळे येतात आणि जवळजवळ सगळेच घाबरलेले असतात. तेव्हा तुमचं काही जगावेगळं झालेलं नाही.

भीती मुळासकट घालवायच्या मागे लागू नका. ती त्या दिवशी येणारच. माझ्याकडे आलेल्यांत जे आज उत्तम बोलतात, त्यांच्याही छातीत उभं राहताना धडधडतं. ती आली तरी बोलणं अडणार नाही अशी तयारी करता येते, आणि ती तयारी एका महिन्यात नक्की होते.

त्या दिवशी बँकेत तुमच्या शरीरात काय झालं ते आधी सांगते, कारण कारण कळलं नाही की माणूस त्याचा अर्थ ‘मला जमतच नाही’ असा लावतो. धोका वाटला की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं. काळीज जोरात चालतं, लाळ कमी होऊन तोंड सुकतं, हात गार पडतात, गळ्याचे आणि छातीचे स्नायू आवळतात म्हणून आवाज वर चढतो आणि कापतो. पाणंदीत समोर फुरसं दिसलं तरी शरीर हेच करतं. दहा माणसांच्या नजरा आणि फुरसं यांतला फरक त्याला कळत नाही. माझ्या अनुभवात हा जोर पहिल्या दीड-दोन मिनिटांत सगळ्यात जास्त असतो, मग उतरायला लागतो. म्हणून सगळी मेहनत त्या पहिल्या दोन मिनिटांवर घ्यायची.

दुसरं, तुम्हाला वाटतं की त्या खोलीतल्या प्रत्येकाला तुमची थरथर दिसली. थॉमस गिलोविच आणि केनेथ सावित्स्की या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमकं हेच तपासलं होतं. बोलणाऱ्यांना आपण जितके घाबरलेले दिसलो असं वाटत होतं, तितके ते ऐकणाऱ्यांना दिसले नव्हते. शिवाय ज्यांना ही गोष्ट बोलण्याआधीच सांगून ठेवली, त्यांची भाषणं जास्त चांगली झाली. म्हणून मीही प्रत्येकाला ती आधीच सांगते. आतली धडधड बाहेर फारशी दिसत नाही, ताई. कागद मात्र दिसतो. पातळ कागद हाताचा कंप दुप्पट करून दाखवतो, भिंतीवरचा लेझरचा ठिपका तर दसपट. दोन्ही घेऊ नका. लग्नपत्रिकेसारख्या जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पाच ओळी मोठ्या अक्षरात लिहा आणि तो टेबलावर ठेवा.

आता ज्यामुळे मला स्वतःला या कामाची दिशा सापडली, ते सांगते.

माझे वडील मालवण तालुक्यातल्या आमच्या गावात देवळात गाऱ्हाणं घालायचे. जत्रेला देवळापुढे चारशे-पाचशे माणूस उभं असायचं आणि वडील हात जोडून सुरू करायचे, “बा देवा म्हाराजा, आज तुझी सगळी लेकरा तुझ्या पायाकडे इली आसत...” आणि सगळा गाव एका आवाजात म्हणायचा, “व्हय म्हाराजा!” त्यांचा आवाज व्हाळापलीकडच्या घरात ऐकू यायचा. एक शब्द अडखळायचा नाही. तेच वडील जमिनीच्या कामासाठी तालुक्याच्या कचेरीत गेले की टोपी हातात घेऊन उभे राहायचे, आणि साहेबाने मान वर करून बघितलं की त्यांना आपला सर्व्हे नंबर आठवायचा नाही. मी सातवीत असेन, त्यांच्याबरोबर गेले होते. देवळातला तो माणूस आणि कचेरीतला हा माणूस एकच कसा, हे मला कितीतरी वर्षं कळलं नाही.

पुढे लोकांना शिकवायला लागल्यावर मी गाऱ्हाणं नीट ऐकायला लागले. त्यात चार गोष्टी आहेत. घालणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की आपण कोणाशी बोलतोय. तो स्वतःसाठी बोलत नाही, गावासाठी बोलतो, त्यामुळे ‘मी कसा दिसतोय’ हा प्रश्नच त्याच्या डोक्यात नसतो. तिसरं, मागणं स्वच्छ असतं. पीकपाणी बरं येऊ दे, आलेलं संकट टळू दे, परगावी गेलेली पोरं सुखरूप ठेव. आडूनआडून काही नाही, मागायची लाज नाही. आणि चौथी गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली, ती म्हणजे श्वास. एक वाक्य झालं की गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो, आणि तेवढ्यात गाऱ्हाणं घालणारा श्वास घेतो. त्याला कधी धाप लागत नाही, कारण गावच त्याला थांबायला लावतो.

कचेरीत वडिलांकडे यातलं काहीच नव्हतं. साहेब कोण, त्याला काय हवंय, आपण नेमकं काय मागायचं, यातलं एकही त्यांनी ठरवलेलं नसायचं. राहायचे ते एकटे आणि त्यांच्यावर रोखलेली नजर.

बँकेत तुमचं हेच झालं असणार. तुम्ही लिहिलंय की आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत पाठांतर करत होता. पाठ काय केलं? प्रकल्प अहवालातले परिच्छेद. ते सीएच्या भाषेत लिहिलेले असतात, ते तोंडात बसत नाहीत. एक शब्द निसटला की पुढची सगळी माळ ओघळते.

मुंबईसाठी वेगळं करू. आयोजकांकडून येणाऱ्या माणसांची यादी मागवा. कोण घाऊक व्यापारी, कोण मिठाईवाले, कोण भेटवस्तूंचे डबे भरणारे, हे कळलं तरी पुष्कळ. मिठाईवाल्याला तुकडा आणि पाकळी हवी असते, डबेवाल्याला मोठा अखंड पांढरा गर. ज्यांच्याशी बोलायचंय त्यांची गरज तुम्हाला माहीत असली की ती माणसं परीक्षक वाटत नाहीत, गिऱ्हाईक वाटतात. आणि गिऱ्हाइकाशी तर तुम्ही रोज बोलता.

मग पहिली दोन मिनिटं. दोन-दोन वाट्या समोर मांडून ठेवा, एकीत डब्ल्यू २४०, दुसरीत डब्ल्यू ३२०. (हे अखंड पांढऱ्या गराचे ग्रेड, आकडा जितका लहान तितका गर मोठा.) उभं राहा, दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेका, एक श्वास सोडा आणि एवढंच म्हणा: “नमस्कार. तुमच्यासमोर दोन वाट्या आहेत. उजवीकडे दोनशेचाळीस, डावीकडे तीनशेवीस. दोन्ही यंदाच्या हंगामातल्या, आमच्या भागातल्या बीचे. एकेक गर मोडून बघा.” आणि थांबा. खरंच थांबा. दहा-बारा माणसं वाटीत हात घालतील, गर बोटांत धरून मोडतील, वास घेतील, खातील. नीट वाळलेला गर कट्कन मोडतो, ते त्या खोलीत ऐकू येईल. या वीस-पंचवीस सेकंदांत एकाचीही नजर तुमच्यावर नसेल, सगळ्यांच्या नजरा काजूवर असतील. तेवढ्यात तुमचा श्वास खाली उतरतो. मी हा उपाय गेल्या कितीतरी वर्षांत कोकम आगळापासून सुक्या बांगड्यापर्यंत सगळ्यावर वापरून बघितलाय. ज्यांच्याकडे हातात द्यायला काही असतं त्यांनी ते आधी द्यावं, हे मी छातीठोकपणे सांगते.

त्यानंतर पहिलं वाक्य ‘मी’ने सुरू करू नका. “आमच्या कारखान्यात ११ जणी काम करतात, आणि बी आम्ही आसपासच्या बागायतदारांकडून घेतो” असं म्हणा. हे म्हणताना त्या ११ जणींतल्या एकीचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. कोणासाठी बोलताय हे आठवलं की गळा मोकळा होतो. मग लगेच मागणं: “आम्हाला महिन्याला इतके किलो, सहा महिन्यांसाठी, असा खरेदीदार हवा आहे.” आकडा तुमचा घाला, पण दुसऱ्या मिनिटाच्या आत घाला. मागणं शेवटपर्यंत पोटात ठेवलं की त्याचंच दडपण सबंध बोलण्यावर राहतं. सुरुवातीलाच सांगून टाकलं की उरलेला वेळ फक्त ते का परवडेल हे समजावण्यात जातो.

आणि दर एक-दोन वाक्यांनंतर मनात ‘व्हय म्हाराजा’ म्हणा. चेष्टेने सांगत नाही. त्या दोन शब्दांना जेवढा वेळ लागतो तेवढी विश्रांती ऐकणाऱ्यालाही लागते. घाबरलेला माणूस भरभर बोलतो, भरभर बोलला की श्वास अपुरा पडतो, आणि श्वास अपुरा पडला की शरीराला वाटतं धोका वाढलाय. हे चक्र तिथे तुटतं.

तयारी कशी करायची त्याआधी माझा एक अनुभव सांगते, कारण तो मी आजही विसरलेले नाही. १९९७ च्या मे महिन्यात आमच्या कारखान्यातर्फे मला मुंबईत आमरसाच्या खरेदीदारांपुढे गुणवत्तेबद्दल बोलायला पाठवलं. रातराणी एसटीने गेले, सकाळी थेट त्यांच्या कार्यालयात. कोणीतरी विचारलं, “ब्रिक्स किती देता?” ब्रिक्स म्हणजे रसातल्या विद्राव्य घटकांचं, मुख्यतः साखरेचं प्रमाण. तो आकडा मी हंगामात दिवसातून पन्नासदा बघत होते. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, निळ्या-पांढऱ्याची सीमा जिथे पडेल तो आकडा वहीत लिहायचा. आणि त्या क्षणी मला तो सांगता येईना. मी गप्प उभी. शेवटी माझ्या वरिष्ठांनी उत्तर दिलं आणि बाकीचं बोलणंही त्यांनीच पुरं केलं. परतीच्या प्रवासात मला रडू आवरलं नाही.

बऱ्याच वर्षांनी कळलं की काय चुकलं होतं. तो आकडा मी हजारदा वाचला होता, हजारदा लिहिला होता, पण मोठ्याने एकदाही म्हटला नव्हता. तो माझ्या डोळ्यांत होता, बोटांत होता, तोंडात नव्हता. भीती वाटली की आपण नेहमी ज्या वाटेने जातो तीच वाट पाय धरतात. तोंडाला वाट पाडूनच दिली नसेल तर ते तिथेच उभं राहतं. म्हणून मी सगळ्यांना एकच नियम लावते: जे त्या खोलीत बोलायचंय ते आधी मोठ्या आवाजात, उभं राहून, किमान १५ वेळा बोललेलं असलं पाहिजे. मनातल्या मनात केलेली उजळणी मी सराव म्हणून मोजत नाही.

पण शब्दन्‌शब्द पाठ करू नका. दशावतारातल्या नटाला लिहिलेली संहिता नसते हे तुम्ही लहानपणापासून बघत आला आहात. आख्यान कुठलं, प्रवेश कोणता, कुठे सुरू करून कुठे सोडायचं, एवढं ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभे राहतात. रात्रभर चालतं तरी कोणी अडत नाही. तसंच करा. पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं अगदी जशीच्या तशी ठरवा. मधले चार मुद्दे फक्त क्रमाने लक्षात ठेवा: बी कुठली, प्रक्रिया कशी, महिन्याला माल किती, भाव आणि अटी काय. त्या चार मुद्द्यांवर तुम्ही दर वेळी थोडं वेगळं बोललात तरी चालेल, उलट ते जिवंत वाटेल. दिलेली वेळ १५ मिनिटं असली तरी १० मिनिटांचंच तयार करा. त्या दिवशी चहा येतो, कोणी उशिरा येतो, कोणी मधेच भाव विचारतो.

पहिला सराव कारखान्यातच करा. बायका सोलायला, ग्रेडिंगला बसल्या असतील, बाजूला बी फोडायच्या कटरची खटखट चालू असेल, तेव्हा त्यांच्यापुढे उभं राहून बोला. त्या आवाजावर बोलायचं म्हणजे छातीतून बोलावंच लागतं. शिवाय तुमचं काही चुकलं तर त्या लगेच सांगतील, कारण माल त्यांच्या हातातून जातो. दुसरा सराव अशा माणसापुढे करा ज्याला काजूतलं काही कळत नाही, शाळेतला शिक्षक, शेजारची कॉलेजची मुलगी, कोणीही. तिसरा अशा माणसापुढे जो मुद्दाम आडवे प्रश्न विचारेल. प्रत्येक गावात असा एक काका असतोच, त्याला आग्रहाने बोलवा. एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज कानाला परका वाटतो, तो प्रत्येकाला वाटतो. दुसऱ्यांदा ऐकताना फक्त एवढंच बघा की वाक्याच्या शेवटी आवाज पडतोय का. आपल्याकडे बायकांचा आवाज वाक्याच्या शेवटी फार पडतो, आणि आकडा नेमका शेवटी असतो.

भाषेबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, “माझं मराठीसुद्धा गावठी आहे.” ताई, हे वाचून मला वाईट वाटलं. तुमची निम्मी भीती इथे आहे असं मला वाटतं. मालवणी बोलणारी माणसं मुंबईत गेली की आधी आपली बोली पुसायला बघतात. डोक्याचं निम्मं लक्ष ‘खय’ निघू नये, ‘माका’ निघू नये यावर राखण करण्यात जातं आणि उरलेल्या निम्म्यात बिचारा काजू. मशीद बंदरला किंवा वाशीच्या मसाला मार्केटला जाऊन बघा, रोजचा लाखोंचा व्यवहार साध्या हिंदीत, गुजरातीत, मराठीत चालतो. व्याकरण तिथे कोणी बघत नाही. तुम्ही वेंगुर्ल्याचा काजू विकताय, तर बोलण्याला वेंगुर्ल्याचा सूर असणं हे मालाच्या खरेपणाला धरूनच आहे. आयोजकांना आधीच विचारा की मराठी-हिंदीत बोललं तर चालेल का. बहुतेक वेळा चालतं. इंग्रजीत लागतील ते शब्द तुम्हाला येतातच: ग्रेड, मॉइश्चर, पॅकिंग, व्हॅक्यूम, क्रेडिट. तेवढे स्वच्छ म्हणायचे.

पडद्यावरच्या स्लाइडबद्दल फार लिहीत नाही. पाच पुरेत. एका स्लाइडवर एक गोष्ट, आकडे मोठे, कारखान्याचे खरे फोटो. त्यांची एक छापील प्रत जवळ असू द्या. आपल्याकडे लाइट जाते तसा तिथे प्रोजेक्टर बंद पडतो.

खरी परीक्षा प्रश्नांची असते, आणि माझ्या मते भीतीचं मूळही तिथेच असतं. आपण बोलायला घाबरतो असं म्हणतो, पण आपण घाबरतो ते ‘काही विचारलं आणि सांगता आलं नाही तर’ याला. तेव्हा विचारतील ते प्रश्न आजच लिहून काढा. तुमच्या धंद्यात ते फार नाहीत. डब्ल्यू २४० मध्ये पौंडाला, म्हणजे ४५४ ग्रॅमला, किती गर बसतात? नावातच उत्तर आहे, २२० ते २४०, पण तुम्ही आपल्या मालाचं वजन करून मोजलेलं असलं पाहिजे. ओलावा किती? ५ टक्क्यांच्या आत, आणि तो तुम्ही कशावर, कधी मोजता तेही सांगा. तुकडा किती पडतो? बोरम्यात, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीत, किती वेळ ठेवता? किलोभर बीतून गर किती निघतो? हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, फक्त मोठ्याने म्हणायची सवय करा. तुमच्याकडे वेंगुर्ला-७ ची मोठी बी येत असेल तर तेही आवर्जून सांगा, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची ती जात आहे. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, पण अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद झाली असेल तरच ते आपल्या मालाला लावून बोला.

दोन प्रश्न मात्र टोचणारे येतील. एक, “आफ्रिकेतून आलेल्या बीचा गर स्वस्त पडतो, तुमचा महाग का?” इथे रागावू नका, आणि भाव पाडायची घाईही करू नका. म्हणा, “स्वस्त पडतो हे खरं आहे. दोन्ही शेजारी ठेवून खाऊन बघा.” मग गप्प बसा. दुसरा, “उधारी ९० दिवसांची लागेल.” इथे बहुतेक लहान उद्योजक गांगरून हो म्हणतात आणि घरी येऊन रडतात. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघू उद्योगाच्या मालाचे पैसे, करारात काहीही लिहिलं तरी, ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केलेली असू द्या, तिचा कागद जवळ ठेवा. कायदा तोंडावर फेकायची गरज नाही. “आमची उद्यम नोंदणी आहे, ४५ दिवसांच्या आत बसवू या” एवढं शांतपणे म्हणता येतं. पाठीशी काय आहे हे ठाऊक असलं की आवाज आपोआप खाली येतो.

उत्तर माहीत नसेल तर “हे मोजून उद्या संध्याकाळपर्यंत फोनवर कळवते” असं सांगा, आणि खरंच कळवा. मी १९९७ मध्ये एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर पुरे होतं.

मधेच सगळं कोरं झालं तर? होऊ शकतं. तेव्हा माफी मागू नका, ‘मी जरा घाबरले’ असंही सांगत बसू नका. पाण्याचा घोट घ्या, पुठ्ठ्यावरच्या पाच ओळींकडे बघा, आणि शेवटचं जे वाक्य बोललात ते पुन्हा एकदा बोला. शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं की बहुतेक वेळा पुढचं त्याच्या मागोमाग येतं. ऐकणाऱ्यांना वाटतं तुम्ही मुद्द्यावर जोर दिला.

प्रवासाचं बोलू. आदल्या रात्रीच्या कोकणकन्येने जाऊन सकाळी थेट सभेला पोहोचायचा बेत करू नका. गाडी उशिरा झाली तर सगळा जीव घड्याळात अडकतो, आणि पावसाळी वेळापत्रक लागू असेल तर वेळाही बदललेल्या असतात. एक दिवस आधी पोहोचा, नातेवाइकांकडे राहा, शक्य असेल तर ती खोली आदल्या दिवशी बघून या. सकाळी उपाशी जाऊ नका आणि भरपेटही नको. मी उकड्या तांदळाची पेज सांगते, पोटाला आधार होतो आणि जड होत नाही. चहा नेहमीइतकाच, घाबरून दोन कप जास्त नकोत, त्याने धडधड वाढते. बोलण्याआधी पाच मिनिटं कोपऱ्यात बसून नाकाने सावकाश श्वास घ्या आणि घेतला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लावून सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं.

आणि स्वतःला ‘शांत हो, शांत हो’ म्हणू नका. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बोलण्याआधी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटली. धडधडणाऱ्या काळजाला गप्प करणं अवघड असतं, त्याला कामाला लावणं सोपं. जत्रेच्या दिवशी सकाळपासून छातीत जी धांदल असते तिला आपण भीती म्हणत नाही. तिथेही काळीज असंच धडधडत असतं.

औषधाबद्दल कोणी तुम्हाला सुचवेल, म्हणून सांगते. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या काही जण बोलण्याआधी घेतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नका. दम्याच्या माणसाला त्या धोक्याच्या ठरू शकतात. आणि भीती फक्त सभेपुरती नसेल, फोन उचलायची, लग्नकार्यात जायची, चारचौघांत जेवायचीही धास्ती वाटत असेल, आठवडेच्या आठवडे झोप उडत असेल, तर तो सरावाचा विषय नाही. त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही, तुम्ही रोज बागायतदारांशी भावावरून घासाघीस करताय.

आता भाऊ. त्याला घेऊन जा, पण उभ्या तुम्हीच राहा. त्याचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी एखाद्या व्यापाऱ्याने गर बोटांत फिरवून “जरा करपलाय का?” असं विचारलं, तर बोरम्याचं तापमान त्या दिवशी किती होतं हे तो सांगू शकणार नाही. तुम्ही सांगाल. खरेदीदार कारखाना चालवणारीशी व्यवहार करतात, आणि पुढचं वर्षभर फोनही तुमच्याच नंबरवर येणार आहेत. भावाला लॅपटॉप द्या, वाट्या मांडायला सांगा, सगळे प्रश्न लिहून घ्यायला सांगा, कोणी इंग्रजीतच काही विचारलं तर ते तुम्हाला मराठीत सांगायला सांगा. त्याला पहिल्या रांगेत मधोमध बसवू नका, तुम्ही सारख्या त्याच्याच तोंडाकडे बघत राहाल. त्याला दाराजवळ उभा करा. सुरुवात, भाव आणि मागणं, ही तीन कामं तुमची. या शनिवारी तो घरी येणार असेल तर त्याला कटरच्या पलीकडे उभा करा, आणि इकडून तुमची पहिली तीन वाक्यं त्याला ऐकू जातात का ते बघा.